स्प्रिंगचा दीड वेढा

गुरुवार, दिनांक १२ जानेवारी २०२३, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. साळवे मॅडमचा फोन आला. नमस्कार न करता त्या म्हणाल्या, "सर, तुमचा एक सेल चार्जिंगला असताना तापून फसफसला. काशिनाथमामांची दोन बोटं भाजली."

मी विचारले, "सेल आता कुठे आहे?"

"घमेल्यात वाळू टाकून त्यात ठेवलाय. आणि सर, नामदेवभाऊंना पण फोन लावलाय. ते निघालेत."

बोटे भाजल्याचे ऐकून वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर मनात अधिक खोल गेले ते शेवटचे वाक्य.

साळवे मॅडम बदनापूरच्या पुढे एका बियाणे कंपनीच्या शेतावर देखरेखीला आहेत. ज्वारीच्या कणसात दूध भरू लागले की पोपट आणि चिमण्या पहाटेच उतरतात. बियाण्याचे पीक असल्याने एकेका कणसाला किंमत. पूर्वी राखणदार मचाणावरून गोफण फिरवीत, डबा वाजवीत. मागील हंगामात कंपनीने बारा हातलेझर घेतले. ओंजळीत मावेल अशी धातूची नळी. तिच्यातून हिरवा किरण निघतो. उजेड फुटण्याआधी तो कणसांच्या शेंड्यांवरून फिरवला की पाखरांना काठी फिरल्यासारखे वाटते आणि थवा उठतो. माणसाच्या डोळ्यात हा किरण गेल्यास दृष्टी जाऊ शकते. म्हणून रस्त्याकडे, माणसाकडे आणि आकाशाकडे तो वळवू नये. हे मी बाराही राखणदारांना तोंडी सांगितले होते आणि लिहूनही दिले होते.

लेझर आले; त्यांच्यासोबत सेल आले नाहीत. काही दिवस बाजारातल्या कसल्याही सेलवर काम चालले. सेल निवडण्याचे काम माझ्याकडे आले. निदान माझी समजूत तशी होती.

माझे दुकान जालन्यात. चाळीसहून अधिक वर्षे मी रेडिओ, विजेऱ्या, आणीबाणीचे दिवे आणि मोजमापाची यंत्रे दुरुस्त केली. आता दुकान बंद आहे, टेबल चालू आहे. लिथियमचा सेल हा या आयुष्यातला शेवटचा विषय. आणि तो मी नीट शिकलो.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अंगठ्याएवढा जाड आणि बोटाएवढा लांब असा हा सेल. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. याच्या वर भरू नये. रिकामा होताना अडीच-तीनच्या खाली उतरू देऊ नये. तळापर्यंत उपसलेला सेल आतून बिघडतो, आणि बिघडलेला सेल पुन्हा भरायला लावला की तापतो. शिशाची बॅटरी असा अत्याचार बरेच दिवस सोसते, हा सोसत नाही. त्यातून लेझरची नळी चहूबाजूंनी बंद. आत वायू झाला तर त्याला बाहेर पडायला वाट नाही. अशी नळी राखणदार गालाजवळ धरतो.

सेलच्या वेष्टनावर काय छापले आहे ते मी कधीच वाचत नाही. एकदा एक गृहस्थ क्षमतेचा ९९०० आकडा छापलेला सेल घेऊन आले. या आकाराच्या सेलमध्ये त्याच्या जेमतेम एक तृतीयांश मावते. मी तसे सांगितले. ते म्हणाले, "पण साहेब, छापलंय की बराबर!" मी सेल सोनाराच्या काट्यावर ठेवला. अस्सल सेलपेक्षा तो बराच हलका भरला. त्यांच्यासमोर वेष्टन कापले, डबी उघडली. आत करंगळीएवढा दुसरा सेल आणि भोवती पांढरी भुकटी. गृहस्थांनी भुकटी बोटाने चाळवली. मग म्हणाले, "आता ह्याचं काय करू?" मी म्हणालो, "फेकू नका. इथेच ठेवा." आभार न मानता ते गेले. पुढे ते मला नामदेवच्या दुकानात चहा पिताना दिसले.

नामदेव खरात आणि मी एकाच उस्तादांचे शागीर्द. जालन्याच्या जुन्या बाजारात त्यांचे रेडिओचे दुकान होते. मी दोन वर्षे आधीचा, माझे डागकामाचे, म्हणजे सोल्डरिंगचे, टाके बारीक, माझी वही स्वच्छ. उस्ताद थकले तेव्हा त्यांनी आपला काट्याचा मीटर नामदेवला दिला. मला त्यांनी पाठीवर हात ठेवून दुवा दिली. दुवा मोजता येत नाही. मीटरचे काळे बेकलाइटचे खोके आणि काचेवरचा उजव्या कोपऱ्यातला तडा मला आजही डोळे मिटून काढून दाखवता येईल.

नामदेवने पुढे अंकुशनगरला कारखान्यात विजेची कामे केली आणि मग बदनापूरला स्टेशनजवळ दुकान टाकले. त्याच्या दुकानासमोर नेहमी चार-सहा चपलांचे जोड. माझ्या दुकानासमोर पाटी : 'वस्तू आठ दिवसांनी मिळेल.' आठ दिवस अशासाठी की मी प्रत्येक सेल पूर्ण भरतो, आठ दिवस तसाच मुरवतो आणि पुन्हा मोजतो. ज्याचे व्होल्ट गळले तो बाद. जो टिकला त्याच्या बुडावर हिरवा ठिपका देतो आणि वहीत क्रमांक चढवतो. ही पद्धत योग्य आहे. आजही मी ती बदललेली नाही.

पण लोकांना आठ दिवस नको असतात. माझ्या घरातलीच गोष्ट. एकदा घरची विजेरी दिसेना. सौ.ला विचारले. ती म्हणाली, "नामदेवभाऊजींकडं दिल्ती. त्यांनी उभ्या उभ्या करून दिली."

"माझ्याकडे का दिली नाही?"

"तुमच्याकडं द्यायची म्हंजी आठ दिवस आंधारात बसायचं."

विजेरी उत्तम चालत होती. मी ती महिनाभर हातात घेतली नाही.

आणखी एक प्रसंग. धावड्याचे एक गुरुजी शाळेतल्या मुलांना तारे दाखवण्यासाठी छोटा लेझर वापरीत. त्यात तीन-तीन व्होल्टचे दोन साधे सेल लागत. गुरुजींनी खर्च वाचवण्यासाठी त्याच मापाचे, पण चार्जिंगचे, दोन सेल घातले. तीन आणि तीन सहाच्या जागी सव्वाचार आणि सव्वाचार झाले. लेझर एका सायंकाळी जळाला. गुरुजी माझ्याकडे आले. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही बेरीज शिकवता ना? मग ती सेल घालण्यापूर्वी करायची." गुरुजी पुन्हा आले नाहीत. पुढल्या वर्षी त्या शाळेच्या आकाशदर्शनाचे छायाचित्र कोणीतरी दाखवले. व्यासपीठावर प्रमुख पाहुणा नामदेव. खांद्यावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर ते हसू. खगोलातले त्याला काही कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. मॅडमनी लेझरचे सेल ठरवताना आम्हा दोघांनाही नमुने मागितले होते. मी दिलेला सेल उघड्या बुडाचा, नामांकित बनावटीचा, वजनात पूर्ण, मुरवून मोजलेला. नामदेवने दिलेल्या सेलच्या बुडाशी एक नाण्याएवढी चकती होती. त्या चकतीवर विजेचे सूक्ष्म मंडल, म्हणजे सर्किट, असते. सेल फार उतरला किंवा फार भरला की ते विजेची वाट बंद करते. राखणदारच म्हणा. चकतीमुळे सेल चार-पाच मिलिमीटर लांब होतो. क्षमता त्याच्या सेलची माझ्यापेक्षा कमी होती. मी मोजली होती.

मॅडमनी माझे मत लेखी मागितले. मी लिहिले : 'श्री. खरात यांचे सेल प्रस्तुत लेझरमध्ये बसत नाहीत. झाकण बळाने आवळावे लागते. दाबामुळे सेलला इजा होऊन धोका संभवतो.' खाली सही, तारीख.

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मात्र झाकणातल्या स्प्रिंगचा दीड वेढा कापला की तोच सेल अलगद बसतो, हे मला ठाऊक होते. मी स्वतः एका नळीवर ते करून पाहिले होते. ते मी लिहिले नाही.

माझी समजूत अशी होती की चकतीची गरजच नाही. लेझर मंद झाला की राखणदार तो बंद करील आणि सेल काढील. विजेरीचे गिऱ्हाईक हेच करते. सेल उतरण्याच्या आधी उजेड उतरतो, आणि उजेड उतरलेला माणसाला दिसतो. बारा लेझरसाठी माझे चोवीस सेल गेले. सर्वांवर हिरवा ठिपका.

त्या गुरुवारी मी साडेसातच्या बसने निघालो. शेताच्या फाटकाशी उतरलो तेव्हा ऊन वर आले होते. नामदेवची मोटारसायकल आधीच लागलेली. तो शेडच्या पायरीवर बसून काशिनाथची बोटे पाहत होता. काशिनाथ राखणदारांचा मुकादम. साठीचा, डोक्याला मफलर. तो धावड्याचा, आणि धावडा नामदेवची सासुरवाडी. म्हणजे इथेही नाते त्याचेच.

"ये दत्ता," नामदेव म्हणाला. मला या नावाने हाक मारणारा तो एकच माणूस उरला आहे. "च्या घेतो का? सेल काय पळून न्हाई चालला."

मी चहा नाकारला आणि घमेल्यापाशी गेलो. सेलचे वेष्टन करपले होते, वरचे टोक फुगून फाटले होते. नेलपॉलिशसारखा गोडसर वास अजून येत होता. बुडावर माझा हिरवा ठिपका शाबूत. क्रमांक सतरा.

काशिनाथला विचारले, "काय झाले ते क्रमाने सांग."

"साहेब, मी रोजच्यावानी कालचा उतरलेला सेल चार्जरला लावला अन् पाखरं हाकायला गेल्तो. आलो तं सूं सूं आवाज. हात लावला तं चटका. मंग तसाच उचलला अन् भाईर फेकला."

"उचलायला नको होता."

"शेडात कडबा हाय साहेब. जळू देऊ काय?"



मी बाकीचे सेल मागवले. टेबलावर ओळीने लावून मोजू लागलो. लेझरमधून काढलेल्यांपैकी सात सेल दोन व्होल्टच्या खाली होते. एक तर एक व्होल्टच्याही खाली. असे सेल भरायला लावणे म्हणजे शेडला काडी लावणे. इतक्या खाली ते गेलेच कसे? मंद झालेला लेझर इतका वेळ चालू ठेवतो कोण?

"काशिनाथ, लेझर मंद झाल्यावर तुम्ही बंद करत नाही का?"

काशिनाथने नामदेवकडे पाहिले. नामदेव त्याच्या बशीतल्या चहाकडे.

"दाखव की मामा," नामदेव म्हणाला. "साहेब खाणार न्हाईत तुला."

काशिनाथने मला मचाणाकडे नेले. मचाणाच्या उभ्या बांबूला एक लेझर सुतळीने बांधलेला होता, कणसांच्या दिशेने. आणि त्याच्या बटणावर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी घट्ट चढवलेली होती. बटण दाबलेलेच राहावे म्हणून.

"एक माणूस अन् दोन कोपरे, साहेब," काशिनाथ सांगू लागला. "हितं हिरवी बॅटरी बांधून ठेवायची, वाऱ्यानं बांबू हालतो तसं उजेड बी हालतो. पाखरू बसत न्हाई. मंग मी तिकडच्या कोपऱ्यात डबा वाजवतो."

"आणि बंद कधी करता?"

"दिवस उगवला की उजेड दिसतच न्हाई. चालू हाय का बंद, कळंना. दुपारी याद आली की काढतो."

ट्यूबची पट्टी नीट कापलेली होती. बाराही मचाणांवर तशाच पट्ट्या होत्या. लेझर मंद झालेला दिसतो, हे माझे गृहीत अंधारापुरते खरे होते. मी सेल तोलला, मुरवला, मोजला, वहीत चढवला. या शेतावर पहाटे मात्र एकदाही आलो नव्हतो.

परत शेडमध्ये आल्यावर मी नामदेवला विचारले, "तुला ही पट्टी माहीत होती?"

"हो. नमुना द्यायच्या आधी येऊन गेल्तो ना एक सकाळी. मामानं हुरडा खाऊ घातला."

"हुरडा खायला आला होतास?"

"हुरडाच खायला आल्तो. पट्टी आपसूक दिसली."

हे त्याचे बोलणे मला सर्वांत असह्य झाले. तो हुरडा खायला येतो आणि त्याला दिसते.

"मग तेव्हाच मला का सांगितले नाहीस?"

नामदेवने बशी खाली ठेवली. "सांगणार व्हतो. मंग मॅडमनी तुझं पत्र दाखवलं."

साळवे मॅडम कपाटातल्या फायली नीट लावू लागल्या. त्या आधीच नीट होत्या.

"काय अक्षर हाय पण तुझं," नामदेव म्हणाला. "छापल्यावानी. उस्ताद असते तं फ्रेम केली असती."

रागावला असता तर मला सोपे गेले असते. मी मॅडमना म्हणालो, "ते पत्र मला द्या."

त्यांनी ते काढून दिले. मी ते फाडले नाही. त्याच कागदावर, माझ्या सहीच्या खाली, उभ्यानेच लिहिले : 'स्प्रिंगचा दीड वेढा कापल्यास श्री. खरात यांचा सेल योग्य बसतो. ही गोष्ट मला वरील मत देताना ठाऊक होती. या कामासाठी त्यांचाच सेल सुरक्षित आहे.' पुन्हा सही, पुन्हा तारीख. मॅडमनी वाचले. त्या म्हणाल्या, "सर, एवढं लिहायची गरज नव्हती."

मी म्हणालो, "फायलीत ठेवा."

उरलेल्या माझ्या तेवीस सेलांच्या दोन्ही टोकांना मी चिकटपट्टी लावली, वाळूच्या डब्यात वेगवेगळे उभे केले आणि डबा शेडबाहेर उघड्यावर ठेवायला लावला. चार्जर भिंतीवरून उतरवून कडब्यापासून दूर, फरशीवर मांडायला सांगितला. काशिनाथच्या बोटांना मॅडमनी मलम लावले. त्याला मी म्हणालो, "चूक माझी आहे." तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, गोफणीनं याच्याहून जास्ती सोललीत."

मग नामदेवच्या मोटारसायकलवर मागे बसून मी बदनापूरला त्याच्या दुकानात गेलो. त्या वाहनावर मी प्रथमच बसलो. वाटेत चार माणसांनी त्याला हात केला. मला कोणी ओळखले नाही.

दुकानात त्याने चकतीचे सेल काढून दिले आणि पुड्यातून झाकणेही ओतली. मॅडमनी बाराही लेझर, त्यांची झाकणे पुड्यात काढून, सोबत दिले होते. "कापायचं काम तू कर," तो म्हणाला. "माझ्याच्यानं कधी दोन वेढे जातात, कधी एक. तुझा हात बराबर."

मी बाराही स्प्रिंगा कापल्या. दीड वेढा, कापलेले टोक आत वळवून, कानशीने घासून. हे काम करताना मान वर केली तेव्हा समोरच्या फळीवर तो मीटर दिसला. काळे खोके, काचेवर उजव्या कोपऱ्यात तडा. वर धूळ. काटा डावीकडे अडकलेला. त्याला टेकून आगपेट्यांचा पुडा ठेवला होता.

नामदेवने माझी नजर पाहिली. "घेऊन जा की," तो म्हणाला. "मला डिजिटलच बराबर दिसतं. हा कव्हाचा पडून हाय."

मी म्हणालो, "नको."

का म्हणालो, कळत नाही. बसमध्ये चढेपर्यंत परत जावे असे तीनदा वाटले. माझ्याकडे तो मीटर असता तर त्यावर धूळ नसती, काटा सुरळीत असता. आणि तरीही उस्तादांनी तो ज्याला द्यायचा त्याला दिला असे आज कोणी म्हणाले, तर मी वाद घालणार नाही. मान्यही करणार नाही.

अकरा लेझर काशिनाथकडे गेले. बारावा, नामदेवच्या एका सेलसह, मी घरी आणला. मचाणावरून निघताना ट्यूबची एक पट्टीही खिशात घातली होती. पहाटेची रीत बदलणार नाही, हे मला दिसले होते. एक माणूस आणि दोन कोपरे. तेव्हा सेल त्या रीतीत टिकतो का, ते पाहणे उरले होते.

साडेतीन वाजता लेझर शिकंज्यात धरला, तोंड काळ्या रंगाच्या विटेकडे केले, खोलीचे दार लावून घेतले आणि बटणावर पट्टी चढवली. सौ. दाराबाहेरून म्हणाली, "आता हे आठ दिवस का?"

"नाही. आजच."

किरण हळूहळू मंद होत गेला. पाच वाजून बावीस मिनिटांनी तो एकदम विझला. मंद होता होता संपला नाही. कोणी दार लावून घ्यावे तसा थांबला. सेल काढून मोजला. मीटरने शून्य दाखवले. चकतीचा सेल असे दाखवतो, घाबरू नये. चार्जरवर ठेवताच तो जागा झाला. पुन्हा मोजला : ३.१ व्होल्ट. हाताला थंड.

वही उघडली. नवा क्रमांक घातला. 'निवड' या रकान्यात आजवर सगळीकडे माझीच आद्याक्षरे आहेत. तिथे 'ना. ख.' लिहिले. मग हिरव्या रंगाची बाटली काढली, सेल उलटा केला, आणि बुडावर ठिपका न देताच बाटलीचे झाकण घट्ट लावून ती खणात ठेवली.